मुक्या जिवाचा मुतखडा : कारणे, निवारण आणि आपले कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



श्वान आणि जीवदया यांचे नाते या प्रांतात जुने आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा शहरातील पारशी, जैन आणि हिंदू नागरिकांनी तिला तीव्र विरोध केला. त्या वेळी पारशी समाज अग्रभागी होता आणि बाजारपेठा बंद पडल्या होत्या. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीशा आदी धुरीणांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. रस्त्यावरच्या कुत्र्याचा जीव वाचावा, ही तळमळ तिच्या स्थापनेमागे होती.

आज कुत्रा पांजरापोळीपुरता राहिलेला नाही. तो घराघरांत कुटुंबाचा घटक झाला आहे. त्याच्यावर प्रेम करणारी माणसे वाढली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु प्रेमाला माहितीची जोड नसेल तर त्या प्रेमातूनच पीडा उत्पन्न होऊ शकते. श्वानांचा मुतखडा हा विकार याचे बोलके उदाहरण आहे.

खडा होतो कसा?

मुतखड्याला आयुर्वेदात अश्मरी म्हणतात. सुश्रुताने मनुष्याच्या अश्मरीचे चार प्रकार वर्णिले असून तिच्या शस्त्रक्रियेचाही विचार केला आहे. माणसाला होणारा हा विकार कुत्र्यालाही होतो. फरक इतकाच की, माणसात खडे बहुधा मूत्रपिंडात सापडतात, तर कुत्र्यात ते मुख्यतः मूत्राशयात आणि तेथून पुढे मूत्रनलिकेत आढळतात.

खडीसाखर करताना साखरेचा पाक घट्ट झाला की दोऱ्यावर स्फटिक धरू लागतात, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. मूत्राचेही तसेच आहे. त्यात अनेक क्षार विरघळलेले असतात. पाणी पुरेसे असेल तोवर ते विरघळलेलेच राहतात आणि बाहेर पडतात. पाणी कमी पडले, मूत्र दाट झाले आणि तासन्‌तास मूत्राशयात साचून राहिले, की सूक्ष्म स्फटिक तयार होतात. त्यांच्यावर थर चढत जातात आणि वाळूच्या कणाएवढ्या स्फटिकाचा पुढे बोराएवढा खडा होतो.

सर्व खडे सारखे नसतात

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. 'मुतखडा' हे एकच नाव असले तरी त्याचे प्रकार भिन्न आहेत आणि त्यांची कारणे व उपायही भिन्न, किंबहुना कधी कधी परस्परविरोधी आहेत.

पहिला प्रकार स्ट्रुव्हाइट. हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा बनलेला असतो. कुत्र्यांत तो बहुतांशी मूत्रमार्गातील जंतुसंसर्गामुळे होतो. काही जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. त्यामुळे मूत्र अल्कधर्मी होते आणि या क्षाराचे खडे धरतात. मादीची मूत्रनलिका आखूड व रुंद असल्याने तिला संसर्ग लवकर होतो. म्हणून हा खडा माद्यांत अधिक दिसतो.

दुसरा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेट. हा मध्यम वयाच्या व उतारवयाच्या नरांत, विशेषतः लहान चणीच्या जातींत अधिक आढळतो. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या ल्हासा अप्सो आणि शित्झू या जाती, तसेच यॉर्कशायर टेरियर व मिनिएचर श्नाउझर या जाती त्यात येतात. स्थूलता आणि रक्तातील वाढलेले कॅल्शियम यांमुळे त्याचा धोका वाढतो. स्टेरॉइड किंवा लघवी वाढवणारी काही औषधे दीर्घकाळ दिल्यानेही मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम वाढते.

या दोन प्रकारांचे प्रमाण गेल्या काही दशकांत कसे पालटले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. कार्ल ऑसबोर्न यांनी १९८१ साली खड्यांच्या पृथक्करणाचे केंद्र सुरू केले. तेथे आलेल्या कुत्र्यांच्या खड्यांत १९८१ मध्ये स्ट्रुव्हाइट सुमारे ७८ टक्के, तर ऑक्झलेट अवघे ५ टक्के होते. २००७ पर्यंत दोन्हींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपले. पिढ्यान्‌पिढ्या तोच असलेला कुत्रा पंचवीस वर्षांत बदलत नाही. बदलते ते त्याचे खाणे, त्याचे हिंडणे-फिरणे आणि माणसाने निवडलेल्या त्याच्या जाती.

तिसरा प्रकार युरेट. याची कथा बोधप्रद आहे. बहुतेक कुत्र्यांच्या यकृतात युरिक आम्लाचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होते. डाल्मेशियन या ठिपकेदार जातीत मात्र ते पुरेसे होत नाही आणि युरिक आम्ल मोठ्या प्रमाणात मूत्रात उतरते. ठसठशीत ठिपक्यांच्या हव्यासाने पैदास करताना हा दोषही जातीत रुजला असावा, असे अभ्यासकांना वाटते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट शाइबल यांनी १९७३ साली डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदा संकर केला आणि पुढील पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवून हा दोष नसलेली संतती निर्माण केली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दोषास कारणीभूत असलेले जनुक शोधून काढले. तरीही त्या निरोगी वंशाला अमेरिकेच्या श्वाननोंदणी संस्थेने कायम मान्यता दिली ती २०११ साली. रूपाच्या शुद्धतेचा आग्रह प्राण्याच्या आरोग्यापेक्षा किती काळ वरचढ ठरू शकतो, हे यावरून दिसते. यकृताला वळसा घालून जाणारी सदोष रक्तवाहिनी जन्मतः असलेल्या पिलांतही युरेटचे खडे होतात.

याखेरीज मूत्रपिंडातील आनुवंशिक दोषामुळे होणारे सिस्टीनचे खडे आणि क्वचित आढळणारे सिलिकाचे खडे आहेत.

शाकाहारी घरातील श्वान

शाकाहारी घरातील आहाराने कुत्र्याला मुतखडा होतो काय, हा प्रश्न जैन कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याचे उत्तर सरसकट 'होय' असेही नाही आणि 'नाही' असेही नाही.

वनस्पतिजन्य आहाराने मूत्र अल्कधर्मी होण्याकडे कल असतो. म्हणून ज्या मादीला वारंवार मूत्रसंसर्ग होतो, तिच्या बाबतीत स्ट्रुव्हाइटची काळजी अधिक घेतली पाहिजे. याउलट डाल्मेशियनसारख्या कुत्र्याला यकृत, मूत्रपिंड यांसारखे मांसल अवयव वर्ज्यच असतात. त्याच्यासाठी पनीर, तांदूळ यांसारख्या कमी प्युरिनच्या पदार्थांवर आधारलेला आणि तज्ज्ञाने ठरवलेला शाकाहारच हितकर ठरतो. ऑक्झलेटच्या खड्यातही मूत्र फार आम्लधर्मी नसणे इष्ट असते. मात्र अशा कुत्र्याला पालक, रताळी, शेंगदाणे हे ऑक्झलेटयुक्त पदार्थ देऊ नयेत. कॅल्शियमच्या भीतीने आहारातील कॅल्शियम अगदीच तोडणेही चूक आहे, कारण त्यामुळे आतड्यातून ऑक्झलेट अधिक शोषले जाते. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या शक्तिवर्धक समजून देण्याची चूकही करू नये. त्या जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट होते.

सारांश, दोष शाकाहाराचा नसून असंतुलित आहाराचा आहे. केवळ दूध-पोळी हा श्वानाचा पूर्ण आहार नव्हे. त्याला पुरेशी व उत्तम प्रतीची प्रथिने, तसेच जीवनसत्त्वे आणि खनिजे योग्य प्रमाणात मिळाली पाहिजेत. फरसाण, पापड, गोडधोड यांचे घास प्रेमाने भरवले जातात, पण त्यातून मीठ व चरबी जाते आणि कुत्रा लठ्ठ होतो. पशुवैद्याने खडा विरघळवण्यासाठी एखादा विशेष आहार सुचवला आणि त्यात मांसजन्य घटक असतील, तर संकोचाने गप्प बसू नये अथवा परस्पर तो आहार बंदही करू नये. आपला नियम स्पष्ट सांगून पर्याय विचारावा. खड्याचा प्रकार निश्चित झाला असेल तर पुष्कळदा मार्ग निघतो. प्रकारच ठाऊक नसेल तर मात्र प्रत्येक उपाय अंधारातला ठरतो.

पाण्याचा प्रश्न

सर्व प्रकारच्या खड्यांना लागू पडणारा एकच प्रतिबंधक उपाय आहे, तो म्हणजे पाणी. प्रौढ कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरहून थोडे अधिक. उन्हाळ्यात ही गरज वाढते. कोरडे खाद्य खाणाऱ्या कुत्र्याला अन्नातून पाणी फारसे मिळत नाही. म्हणून खाद्य भिजवून द्यावे.

चौविहार हे माणसाने समजून-उमजून, स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे. मुक्या प्राण्याने ते घेतलेले नसते. सूर्यास्तानंतर त्याचे पाण्याचे भांडे उचलून ठेवू नये. गाळलेले, स्वच्छ पाणी त्याला अहोरात्र उपलब्ध असावे.

पाणी आत जाण्याइतकेच ते वेळेवर बाहेर पडणेही महत्त्वाचे आहे. सदनिकांत राहणाऱ्या कुत्र्याला सकाळी एकदा व रात्री एकदा खाली नेले जाते. मधले दहा-बारा तास तो शहाण्यासारखा आवरून धरतो आणि घरातील माणसे त्याचे कौतुक करतात. त्या काळात मूत्राशयातील दाट मूत्रात स्फटिक बसत असतात. दिवसातून तीन-चार वेळा तरी त्याला मोकळे होऊ द्यावे.

लक्षणे आणि उपचार

वारंवार बसणे व थेंब-थेंब लघवी होणे, लघवीत रक्त येणे, उग्र दुर्गंधी, मूत्रद्वार सतत चाटणे, शिस्तीच्या कुत्र्याने एकाएकी घरात लघवी करणे ही लक्षणे होत. नर कुत्रा जागोजागी पाय वर करतोच, म्हणून त्याचे थेंब-थेंब होणे सवयीचे समजले जाते. कुंथणारा कुत्रा पाहून बद्धकोष्ठ झाले असावे, असेही अनेकांना वाटते.

नराच्या बाबतीत विशेष सावध राहावे लागते. त्याच्या शिश्नात एक लहान हाड असते आणि मूत्रनलिका त्या हाडाखालच्या अरुंद पन्हळीतून जाते. हाड आहे म्हणून तेथे नलिका ताणली जात नाही. मूत्राशयातून निसटलेला छोटासा खडा नेमका तेथेच अडकतो. लघवी पूर्ण तुंबली तर दिवसभरातच शरीरात विषारी द्रव्ये साचू लागतात. कुत्रा अन्न सोडतो, ओकतो, निपचित पडतो आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. अशा वेळी कुळथाचे पाणी किंवा पानफुटीचा रस पाजत बसणे म्हणजे अमूल्य वेळ दवडणे होय. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर कदापि देऊ नयेत. त्या श्वानांना विषासमान ठरू शकतात. त्याच घटकेला पशुवैद्याकडे न्यावे.

पशुवैद्य मूत्रतपासणी, क्ष-किरण व सोनोग्राफी करून निदान करतात. स्ट्रुव्हाइट व ऑक्झलेट क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात, तर युरेट पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून सोनोग्राफीची गरज पडते. अडकलेला खडा बहुधा पाण्याच्या दाबाने मूत्राशयात मागे ढकलता येतो. स्ट्रुव्हाइट असल्यास प्रतिजैविके व योग्य आहार यांनी तो काही आठवड्यांत विरघळू शकतो. शक्य तेथे शस्त्रक्रियेऐवजी हाच मार्ग अनुसरावा, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये केली आहे. ऑक्झलेट मात्र औषधाने विरघळत नाही. तो काढावाच लागतो आणि पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो. काढलेला खडा फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवावा. पुढच्या सर्व उपचाराची दिशा त्यावरून ठरते.

कर्तव्य

जैन परंपरेने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे. कोणता जीव कसा जगतो हे न जाणता केलेली दया वाट चुकते. माणूस दुखले-खुपले तर सांगतो. कुत्रा सांगू शकत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तो बसून राहतो, पुन्हा उठतो, पुन्हा बसतो. ती त्याची भाषा आहे. ती वाचणारा डोळा घरात असला तर खडा लवकर लक्षात येतो, आणि नसला तर तो रात्री-अपरात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडतो.

पांजरापोळी व संस्था यांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी जशी परळे ठेवली जातात, तद्वत रस्त्यावरच्या श्वानांसाठी सावलीत पाण्याच्या कुंड्या असाव्यात आणि त्या रोज घासून भरल्या जाव्यात. आश्रयास असलेल्या प्रत्येक कुत्र्याची लघवी नीट होते की नाही, याची नोंद सेवकाने रोज एका वहीत करावी. त्यासाठी फार खर्च लागत नाही. लागते ते लक्ष.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक घराने एवढाच एक नियम घ्यावा : दारातल्या मुक्या जिवाचे पाण्याचे भांडे कधीही रिकामे राहणार नाही.

जय जिनेंद्र!