आधी सर्व्हर, मग क्लायंट

इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र बाहेरच्या प्रोग्रामशी एचटीटीपीवरून बोलते: विनंती जेसनमध्ये जाते आणि उत्तरही जेसनमध्ये येते. पायथन, जावा, पीएचपी, रुबी, गो अशा भाषांच्या क्लायंट लायब्ररी हीच देवघेव त्या त्या भाषेच्या वळणाने करून देतात. ल्युसीन काय आहे आणि इंडेक्स कसा बनतो, हे सभागृहाला ठाऊक आहे असे धरून थेट मुद्द्यावर येता येते. क्लायंटची आवृत्ती सर्व्हर ठरवतो. व्याख्यानातले बाकी सारे या वाक्याचाच विस्तार.

अधिकृत क्लायंटचा नियम एकतर्फी आहे. ८.५ चा क्लायंट ८.५ किंवा त्यापुढच्या ८ मालिकेतल्या सर्व्हरशी बोलतो; सर्व्हरची नवी वैशिष्ट्ये त्याला वापरता येत नाहीत, पण जुने काम अडत नाही. क्लायंट नवा आणि सर्व्हर जुना असेल, तर हमी संपते. म्हणून आधी सर्व्हर चढवावा, मग क्लायंट.

प्रत्यक्षात क्रम उलटतो, कारण आवृत्ती न सांगता पॅकेज मागवले की सर्वांत नवे हाती पडते. पायथनचा ९ चा क्लायंट ८ च्या सर्व्हरकडे गेला, तर त्याच्या हेडरमध्ये ‘९ शी सुसंगत’ असे लिहिलेले असते. सर्व्हर ४०० क्रमांकाची चूक दाखवून त्याला दारातूनच परत पाठवतो. तोवर संशय आधी पासवर्डवर, मग सर्टिफिकेटवर आणि शेवटी नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसावर गेलेला असतो. (हशा)

उलट बाजूने वाट ठेवलेली आहे. ८ चा सर्व्हर सुसंगततेच्या हेडरसह आलेली ७ ची विनंती स्वीकारतो. ७.१७ चा क्लायंट या रीतीने चालू ठेवून सर्व्हर ८ वर नेता येतो आणि मग सवडीने क्लायंट बदलता येतो. ही सोय स्थलांतरापुरतीच समजावी.

मुख्य आवृत्ती बदलली की काय मोडते, याचे उत्तम उदाहरण २०१९ च्या ७.० मध्ये सापडते. एकूण निकालांची संख्या तोवर साध्या आकड्यात येत असे; ७.० पासून ती आकडा आणि ‘इतकेच की किमान इतके’ हा संबंध अशा जोडीने येऊ लागली. मुळातल्या मांडणीत अचूक मोजणीही १०,००० पर्यंतच होते. जावाची कथा आणखी कडक आहे. जुना ट्रान्सपोर्ट क्लायंट ९३०० पोर्टवरून क्लस्टरच्या अंतर्गत भाषेत बोले. तो ७.० मध्ये कालबाह्य ठरला आणि ८.० मध्ये काढून टाकला गेला. त्यामुळे जुन्या पुस्तकातला जावा कोड उतरवून घेण्याआधी पुस्तकाचे साल पाहावे.

आता थोडे विषयांतर. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक कंपनीने परवाना बदलण्याचे जाहीर केले आणि ७.११ पासून अपाची परवाना सुटला. ॲमेझॉनने ७.१०.२ वरून वेगळी शाखा काढली, तीच ओपनसर्च. तिची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. त्यानंतर इलॅस्टिकचे ७.१४ चे क्लायंट समोरचा सर्व्हर अस्सल आहे का हे तपासू लागले आणि नसल्यास काम नाकारू लागले. सर्व्हर तोच, प्रोग्राम तोच, फक्त लायब्ररी आपोआप अद्ययावत झालेली, आणि शोध बंद! दोष कोणाचा, यावर सभागृहात दोन तट दिसतात. (हशा) कोणाचे वकीलपत्र घेण्याचा येथे हेतू नाही. पुढे २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल परवान्याचा पर्याय दिला आणि ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले, तरी क्लायंटची घराणी दोनच राहिली. ओपनसर्चला ओपनसर्चचाच क्लायंट घ्यावा.

लायब्ररीच नको, थेट एचटीटीपी वापरू, हा आक्षेप नेहमीचा आहे. छोट्या कामाला तो मान्य करता येतो. मात्र जोडण्या जपणे, एक नोड पडल्यास दुसऱ्याकडे जाणे, कागदपत्रे घाऊक भरणे हे सारे मग हाताने लिहावे लागते; आणि उत्तराचा आकार बदलला, तर कोड तरीही मोडतोच.

वेळ संपल्याची चिठ्ठी व्यासपीठावर आल्याने उरलेले मुद्दे धावते. स्वयंसेवकांनी बनवलेला क्लायंट घेताना त्याची शेवटची आवृत्ती कधी आली ते पाहावे. स्प्रिंग डेटासारखी चौकट स्वतःचा क्लायंट सोबत आणते, म्हणून तिचा सुसंगतता-तक्ता वाचावा. भाषेची आवृत्तीही तपासावी. ८ चा पायथन क्लायंट २.७ वर चालत नाही. मराठी मजकुराचे शब्द पाडणे आणि वर्ण एकसारखे करणे सर्व्हरमध्ये होते. तीच विनंती पायथनमधून गेली काय किंवा पीएचपीमधून, निकाल तेच येतात.

निवडीचा क्रम असा. सर्व्हरच्या मूळ पत्त्यावर विनंती करून आवृत्ती वाचावी. ओपनसर्च असल्यास तसा उल्लेख तेथेच मिळतो. त्याच घराण्याचा, त्याच मुख्य आवृत्तीचा क्लायंट घ्यावा. प्रकल्पाच्या अवलंबनांच्या फाइलमध्ये पुढच्या मुख्य आवृत्तीची वाट बंद करावी. चाचणी त्याच आवृत्तीच्या सर्व्हरवर घ्यावी. बदलाची वेळ आली की आधी सर्व्हर चढवावा, चाचण्या पुन्हा चालवाव्यात आणि नंतरच क्लायंटला हात लावावा.