पेडलचं किट घ्यायचंय? आधी हे चार प्रश्न स्वतःला विचारा

(ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

अकोला, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, जिथून कुठून ऐकत असाल, हेडफोन नीट लावून घ्या. आज जरा आवाजाचा विषय आहे.

गिटारवाल्या पोरांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. "भौ, डिस्टॉर्शन पेडलचं किट मागवाचं आहे, सोताच जोडाचं आहे. कोणतं घेऊ?" आणि त्याच्यामागं न बोललेला दुसरा प्रश्न असतो. घरून एकदाच पैसे मिळणार आहेत. ते किट वाजलंच नाही, तर पुढच्या वेळी मागायला तोंड राहत नाही. म्हणून नुसतं नाव सांगून मोकळा होत नाही. निवडायचं कसं, ते सांगतो. शेवटी नावही सांगतो.

आधी डिस्टॉर्शन म्हणजे काय ते दोन मिनिटांत. गिटारच्या पिकअपमधून येणारी लहर वर-खाली जाते, डोंगरासारखी. ती इतकी मोठी केली की सर्किटात मावत नाही, मग तिचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. शेंडा कापला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात येतात, आणि आपल्याला तो खरखरीत, भरलेला आवाज ऐकू येतो. हा आवाज आपल्या कानाला काही नवा नाही. वरातीतला बेंजो आठवा. अॅम्प्लिफायर फुल, वर भोंगा, आणि बेंजोचा तो फाटलेला, कानात घुसणारा सूर. ते डिस्टॉर्शनच आहे. फक्त तिथं ते कोणी ठरवून केलेलं नसतं.

आणि गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेतही पहिल्यांदा ते ठरवून झालं नव्हतं. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. नॅशव्हिलला त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाला आणि बेस गिटारचा सूर फाटून आला. लोकांना तो आवडला. इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी मग तसाच आवाज काढणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं ते 'मायस्ट्रो फझ-टोन' नावानं बाजारात आणलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये तो आवाज जगानं ऐकला. म्हणजे एका नादुरुस्त मशिनीची नक्कल करायला ही सगळी पेडलं जन्माला आली.

आता निवड.

पहिला प्रश्न : तुम्ही पेडल लावणार कशात?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. सगळे व्हिडिओ पाहतात, त्या व्हिडिओत पेडलच्या पुढं गिटारचा अॅम्प असतो. आपल्याकडं काय असते? होम थिएटर, ऑर्केस्ट्राचा मिक्सर, नाहीतर फोन. गिटार अॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा काढतच नाही. तो खरखर गाळतो. होम थिएटर किंवा मिक्सर मात्र सगळं जसंच्या तसं काढतो. त्यामुळे चांगल्यातलं चांगलं डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं, तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. मग पोरगं म्हणते, किट फसवं निघालं. किट बरोबर असते बाप्पा, पुढचा गाळणा नसतो.

फोनवर वाजवत असाल तर गिटार फोनला जोडणारा छोटा इंटरफेस घ्या आणि अॅपमध्ये 'कॅबिनेट' नावाचा भाग चालू ठेवा. तो स्पीकरचं काम करतो. आणि एक फुकटचा सल्ला. किट मागवायच्या आधी याच अॅपमध्ये ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ हे तीनही प्रकार आठ-आठ दिवस वाजवून पाहा. ओव्हरड्राइव्ह मऊ कापते, उदाहरणार्थ ट्यूब स्क्रीमर. डिस्टॉर्शन धारदार कापते, उदाहरणार्थ बॉसचं डीएस-१ किंवा प्रोको रॅट. फझ तर लहर जवळपास चौकोनी करून टाकते. कोणता आवाज आपल्या हाताला जमतो हे पैसे न घालवता कळते.

दुसरा प्रश्न : एखादा पार्ट जळला तर गावात मिळेल का?

पहिलं किट जोडताना काहीतरी जळते, तुटते, हरवते. असं धरूनच चाला. तेव्हा पार्ट कुठून आणणार? मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याला तपकीर गल्ली आहे. आपल्याकडं रिपेरिंगवाल्यांची दुकानं आहेत आणि इंजिनियरिंगच्या पोरांना प्रोजेक्टचं सामान देणारी दुकानं आहेत. तिथं जे सहज मिळते, तेच ज्या किटात आहे ते पहिलं किट.

सहज काय मिळते? ७४१ आयसी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १एन ४१४८ डायोड, साधे रेझिस्टर, साधे कंडेन्सर. आणि ४५५८. हा ४५५८ म्हणजे लोकल अॅम्प्लिफायरच्या बेस-ट्रेबल बोर्डावर बसलेला आयसी. कोणत्याही रिपेरिंगवाल्याला नंबर सांगा, तो ड्रॉवर उघडून देईल. आणि जगभर ज्याचं कौतुक चालते त्या ट्यूब स्क्रीमरच्या पोटातही ४५५८च आहे.

सहज काय मिळत नाही? जुन्या रॅटमधला एलएम ३०८. तो बनणं बंद झालंय, आणि त्या नावानं नकली माल फिरतो. रॅटच्या धर्तीवरचं किट घ्यायचं असेल तर ओपी ०७ आयसीवालं पाहा. कंपनीही आताच्या रॅटमध्ये तोच टाकते.

तिसरा प्रश्न : मे महिन्यात चालेल का?

हसू नका. हा खास आपल्या वऱ्हाडाचा प्रश्न आहे. फझमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फार कौतुक आहे. १९६६ च्या फझ फेसमध्ये तेच होते. आपल्याकडं भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले एसी १२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर जुन्या रेडिओंमध्ये असायचे, आणि फझ बनवणारे आजही ते शोधत फिरतात. आजोबांचा बंद रेडिओ माळ्यावर असेल तर फेकू नका, एवढं नक्की.

पण जर्मेनियमची एक खोड आहे. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. म्हणजे २५ अंशांत छान जुळवलेला फझ ४५ अंशांच्या खोलीत नेला, तर गळती चौपट. सर्किटचा तोल जातो, सूर मधेच तुटतो, आवाज घुसमटतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कुलर बिघडला की फझही बिघडला! सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये ही गळती इतकी नगण्य असते की उन्हाळ्यानं फरक पडत नाही.

त्यातही पीएनपी जर्मेनियमच्या बऱ्याच फझमध्ये पॉझिटिव्ह बाजू ग्राउंडला असते. तो बाकीच्या पेडलांसोबत एकाच अॅडॉप्टरवर लावला की शॉर्ट. म्हणून पहिलं किट जर्मेनियम फझचं नको. दुसरं, तिसरं घ्या खुशाल.

चौथा प्रश्न : वीज कुठून देणार?

बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या अॅडॉप्टरच्या पिनमध्ये आतली बाजू निगेटिव्ह असते. घरात पडलेले राउटरचे, सेटटॉप बॉक्सचे अॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचे असतात आणि आतली बाजू पॉझिटिव्ह. पिन मात्र बरोब्बर बसते. तिथंच घात होतो. मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय कोणताही अॅडॉप्टर लावू नका. किटच्या नकाशात उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड आहे का, तेही घेण्याआधी विचारा.

जोडून झालं की पहिल्यांदा बॅटरीवर चालवा. बॅटरीवर आवाज स्वच्छ आणि अॅडॉप्टरवर 'हूं' असा गुणगुणाट, तर दोष अॅडॉप्टरचा. बॅटरीवरही गुणगुण, तर आतलं ग्राउंड तपासा. आणि अॅम्पच नुसता गुणगुणत असेल तर घरातलं अर्थिंग पाहा. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असते, पण त्याच्यामागं तार असतेच असं नाही. ते काम वायरमनचं, आपलं नाही. विजेच्या बोर्डात किंवा अॅम्पच्या पोटात हात घालू नका.

वाजवून झालं की गिटारची केबल पेडलमधून काढून ठेवा. बहुतेक पेडलांत इनपुटची जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. केबल तशीच राहिली तर सकाळी बॅटरी उतरलेली.

आता नाव सांगतो.

माझं मत असं : पहिलं किट एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसच्या धर्तीवरचं घ्या. वेगवेगळ्या नावांनी मिळते, नकाशा तोच. एक ७४१ आयसी, दोन डायोड, दोन कंट्रोल, आणि बाकी मूठभर रेझिस्टर-कंडेन्सर. सगळे मिळून वीसेक पार्ट. ट्यूब स्क्रीमरच्या किटात याच्या दुप्पटीहून जास्त डाग द्यावे लागतात, बिग मफमध्येही तसंच. जितके डाग जास्त, तितक्या चुकायच्या जागा जास्त.

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. डिस्टॉर्शन प्लसमध्ये शेंडे कापणारे डायोड जर्मेनियमचे असतात. तिथं सिलिकॉनचे १एन ४१४८ टाकले की ते जवळपास डीओडी २५० होते. म्हणजे एकाच बोर्डावर दोन नावाजलेली पेडलं. पहिलं रँडी ऱ्होड्स वाजवायचा, दुसरं यंग्वी माल्मस्टीन. जर्मेनियम डायोड साधारण ०.३ व्होल्टला कापतो, सिलिकॉन ०.६ ला, लाल एलईडी त्याच्याही बऱ्याच वर. कापणं उशिरा सुरू झालं की आवाज मोठा आणि मोकळा होतो. डायोडच्या जागी थेट डाग न देता छोटं सॉकेट बसवा. मग एका संध्याकाळी तीन आवाज ऐकून पाहा, कान तयार होतात. आणि हो, इथं जर्मेनियम असला तरी उन्हाळ्याचा त्रास फझसारखा नाही, कारण या डायोडांवर सर्किटचा तोल अवलंबून नसतो. फक्त डाग देताना त्याचा पाय चिमट्यानं धरा, नाहीतर उष्णतेनं जातो.

कोणी घेऊ नये? ज्याला आजकालच्या मेटलची घट्ट, ठोकेबाज रिदम पाहिजे त्यानं. तेवढी ताकद यात नाही. त्यानं ओपी ०७ वालं रॅट घ्यावं आणि जास्त वेळ काढून जोडावं.

मागवताना विकणाऱ्याला विचारा : सर्किटचा नकाशा आणि पार्टची यादी मिळते का? आयसीचा बेस सोबत आहे का? डबा भोकं पाडलेला आहे का? डबा धातूचाच पाहिजे, प्लास्टिकचा बाहेरची सगळी गुणगुण आत घेतो. अॅल्युमिनियमला घरच्या ड्रिलनं भोक पडते, स्टीलच्या टिफिनला पाडताना घाम निघतो. नकाशा द्यायला जो नाही म्हणतो, त्याचं किट घेऊ नका. बिघडलं तर आंधळ्यासारखं शोधत बसाल.

आणि हिशेब पूर्ण करा. २५ वॅटची सोल्डरिंग गन, चांगली सोल्डर तार, साधा मल्टिमीटर, कटर. हे किटच्या किमतीत नसते. ते धरलं तर तयार पेडल कधीकधी स्वस्त पडते, हे खरं आहे. मग किट कायले घ्यायचं?

कारण तयार पेडल बिघडलं तर ते बरेचदा पुण्या-मुंबईकडं पाठवावं लागते. हात बसला, की तुमची केबल, तुमच्या गिटारची जॅक, मित्राचा मायक, गणपतीतला मिक्सर, हे सगळं तुम्ही गावातच दुरुस्त करता. त्या वेळी घरच्यांनाही पैसे कुठं गेले ते दिसते. मुंबईतली अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन आपल्याच देशात पेडलं बनवते. असं काम इथं होऊच शकत नाही, हे डोक्यातून काढा.

जोडलं आणि आवाजच आला नाही, तर घाबरू नका. एका तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, दुसरं टोक अॅम्पला, आणि अॅम्पचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडा. गिटार वाजवत इनपुटपासून एकेका जागेला कंडेन्सरचा पाय टेकवत जा. जिथपर्यंत सूर ऐकू येतो तिथपर्यंत सगळं बरोबर. जिथं गायब झाला, तिथंच गडबड आहे. हे फक्त बॅटरीवर चालणाऱ्या पेडलवर करायचं.

तर राजेहो, कोणी किट जोडायला घेतलं तर बोर्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून पाठवा. डाग चमकतो की मेलेला आहे, ते फोटोत दिसते. पुढच्या भागात पाहू, की ऑर्केस्ट्राच्या मिक्सरला गिटार लावायची तर मधे काय लागते. तोवर वाजवत राहा. दुपारी शेजारी झोपले असतील तर जरा हळू!