वृद्धसेवेचे शिक्षण

गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीत सकाळी अकराच्या सुमारास डोकावून पाहावे. मुले शाळेत गेलेली, मुलगा व सून कचेरीत. आणि तिसऱ्या मजल्यावरील खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा व त्यांच्या उशाशी रोजावर ठेवलेली एक बाई. बाई मनाची चांगली आहे. परंतु आजाऱ्याला कुशीवर कसे वळवावे हे तिला कोणी शिकविलेले नाही. आजोबांच्या पाठीला जखमा पडतात, तेव्हा घरची माणसे तिला बोल लावतात आणि ती आपल्या नशिबाला. जे शिकविलेच नाही त्यातील उणिवेचा दोष एकट्या बाईच्या माथी कसा मारावा?

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात साठ वर्षे पुरी केलेल्यांचे प्रमाण शेकडा सुमारे दहा भरले होते. आयुर्मान वाढत असल्यामुळे व घरोघर अपत्ये कमी होत असल्यामुळे ते पुढेही वाढणारच. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. त्या वेळी तिशीत असलेले जे आज हयात आहेत, त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. परळ-लालबागच्या चाळींतील लाकडी जिना त्यांच्या गुडघ्यांना आता गडाएवढा वाटतो. पूर्वी वृद्धांचा भार घरातील स्त्रिया निमूटपणे उचलीत. सेवा मायेने येते, असे म्हणून समाजाने तिला विद्या मानलेच नाही.

माया हवीच, पण नुसत्या मायेने भागत नाही. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. घास भरविताना त्याला ताठ बसवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाते. तोंड एकाएकी वाकडे झाले वा वाचा अडखळू लागली, तर तत्काळ इस्पितळ गाठावे लागते. कारण मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. विस्मरण झालेली आजी तोच प्रश्न दहा वेळा विचारील, तेव्हा अकराव्यांदा न चिडता उत्तर देणे, हीदेखील शिकण्याचीच गोष्ट होय.

असे शिक्षण या शहराला अपरिचित नाही. गिरगावालगतच्या गावदेवीत १९०८ साली सेवासदन स्थापन झाले व रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदन निघाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकू लागल्या. परक्या माणसाच्या मलमूत्राला हात लावणे कुलीन घरांत तेव्हा हलके मानीत. आज परिचारिकेला तसे कोणी म्हणत नाही. शिक्षणाने कामाची प्रतिष्ठा वाढते, ती अशी. गिरणगावातही १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळ चालविणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. चुलीपुढचे काम हा व्यवसाय आहे, हे त्यामुळे मान्य झाले.

जपानने वृद्धांची काळजी घेणाऱ्यांच्या पात्रतेला १९८७ साली कायद्याने मान्यता दिली. आपल्याकडे गृह-आरोग्य साहाय्यकाचा अभ्यासक्रम आहे. परंतु तो पुरी केलेली व्यक्तीच घरी ठेवावी, असा आग्रह किती कुटुंबे धरतात? परळला १९२६ पासून के. ई. एम. सारखे रुग्णालय आहे. दादर-लालबागमध्ये सार्वजनिक मंडळांची कमतरता नाही. मंडळांनी जागा द्यावी, अनुभवी परिचारिकांनी शिकवावे, आणि चाळीतल्याच मुलामुलींनी शिकावे. मुलांनीही, हे मुद्दाम सांगावयास हवे. कारण उचलण्या-बसविण्याच्या कामात पुरुषांनी मागे राहण्याचे कारण नाही.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. वेतन ठरलेले असावे, आठवड्याची सुट्टी असावी, रात्री जागणाऱ्या माणसाला दिवसा झोप मिळावी. थकलेल्या हातांकडून कोमल सेवेची अपेक्षा करणे व्यर्थ होय. आजोबांच्या उशाशी बसलेली ती बाईही एके दिवशी म्हातारी होणार आहे. तिला कूस बदलून देणारा शिकलेला हात तेव्हा मिळेल की नाही, हे आज आपण तिला कसे वागवितो यावर अवलंबून राहील.