भद्रेश्वराची परचित्तपारख

गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले व काही काळ तेथेच शिक्षकही होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते येथलेच विद्यार्थी. त्यांच्या १८९९ च्या 'संगीत शारदा'तील भद्रेश्वर दीक्षिताला प्रेक्षक बहुधा हसून सोडून देतात. वस्तुतः तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वृद्ध भुजंगनाथाला आपले म्हातारपण बोचते हे त्याने नेमके हेरले आहे; म्हणून तो त्या विवाहेच्छेला खतपाणी घालतो. कांचनभटाच्या द्रव्यलोभाची नाडीही त्याच्याच हाती. दुसऱ्याचे मन इतके अचूक वाचणाऱ्याला शारदेचे दुःख कळत नसेल काय? कळत असणारच. परंतु कळणे निराळे आणि कळवळणे निराळे; समानुभूतीची ही दोन अंगे आजचे मानसशास्त्रही वेगळी मानते. शारदेचे अश्रू ही भद्रेश्वराच्या लेखी व्यवहारातील एक अडचण, एवढेच. आपल्या निपाणीकडे तंबाखूआधी शेतकऱ्याची नड पारखणारा दलाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दीक्षित अनोळखी वाटू नये. देवलांनी त्याला मूर्ख रंगविले नाही, हे विशेष. लग्न मोडते ते सगोत्रतेमुळे. भद्रेश्वराचे मन पालटले म्हणून नव्हे.