डबीवरचा देश आणि न छापलेली मजुरी

मोटारीच्या सुट्या भागाच्या डबीवर नामांकित कंपनीचे नाव असते. माल मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात कंत्राटावर तयार झालेला असतो. आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देशाचे नाव छापणे 1 जानेवारी 2018 पासून बंधनकारक झाले, हे योग्यच होय. परंतु देश कळला म्हणजे श्रमाचे मोल कळले, असे नव्हे. चिनी मजुराऐवजी आपल्याच कंत्राटी मजुराची पिळवणूक झाली, तर तिला स्वदेशी म्हणावयाचे काय?

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. 1935 साली अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचे ठरविले; खादी महागेल हे ठाऊक असूनही ठरविले. मगनवाडीतून ग्रामोद्योगाचे कार्य करणारे कुमारप्पा सांगत की, वस्तू विकत घेणारा तिच्यामागील अन्यायाचाही भागीदार होतो.

तोच न्याय यंत्रोद्योगाला लावला पाहिजे. डबीवर जिचे नाव, त्या कंपनीवरच भाग घडविणाऱ्याच्या वेतनाची व सुरक्षिततेची जबाबदारी असावी, ही मागणी आपण लावून धरू या. मूळ कारखान्यातील कामगार संघटनांनीही पुरवठादाराकडील कंत्राटी कामगाराला आपला सभासद मानावे. नाव एकाचे आणि घाम दुसऱ्याचा, ही व्यवस्था आपल्याला मान्य नाही.