दूरध्वनी जाळ्याची क्षमता आणि सॉफ्टवेअर अभियंता



झाशीच्या मानिक चौकासारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत सणाच्या आदल्या दिवशी प्रत्येक दुकानातून एकाच वेळी दूरध्वनी होऊ लागले, तर प्रत्येकाला जोडणी मिळेलच असे नाही. कोणतेही दूरध्वनी जाळे सर्व ग्राहकांच्या एकाच वेळच्या वापरासाठी उभारलेले नसते. ते गर्दीच्या तासातील अपेक्षित भार गृहीत धरून उभारले जाते.

हा भार मोजण्याचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. अरलांग यांनी १९१७ मध्ये मांडले. भाराच्या एककाला त्यांचेच नाव मिळाले. समजा, या बाजारपेठेतून एका मदत केंद्राकडे तासाला ६०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटे चालतो. एकूण १,८०० मिनिटे, म्हणजेच ३० अरलांग एवढा भार झाला. मग ३० वाहिन्या पुरेशा आहेत, असे वरकरणी वाटते. परंतु कॉल समान अंतराने येत नाहीत. त्यामुळे ३० वाहिन्यांवर सुमारे १३ टक्के कॉल नाकारले जातात. हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आणण्यासाठी ४२ वाहिन्या लागतात.

इंटरनेटवरून आवाज पाठवला, तरी ही मर्यादा संपत नाही, तिचे केवळ रूप बदलते. प्रचलित पद्धतीत आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. प्रत्येक पाकिटावरील पत्ता व इतर माहिती धरून ही गरज एका दिशेने सुमारे ८० किलोबिट होते.

क्षमतेचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या बळावरही हाताळता येतो, हे भारतीय अभियंत्यांनी दाखवून दिले आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ने ग्रामीण भागातील उष्णता व धूळ लक्षात घेऊन, वातानुकूलनाविना चालणारे १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र विकसित केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते कार्यान्वित झाले.

आज मदतवाहिन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हेच भान ठेवणे अगत्याचे आहे. जोडणी न मिळाल्यास यंत्रणेने तत्काळ पुन्हा कॉल लावला, तर गर्दी आणखी वाढते. म्हणून दोन प्रयत्नांतील अंतर उत्तरोत्तर वाढवावे, प्रतीक्षेतील व्यक्तीला तिचा क्रमांक कळवावा, शक्य तेथे लघुसंदेशाचा पर्याय द्यावा आणि आपत्कालीन कॉलना अग्रक्रम द्यावा.

शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत सल्ला मिळावा, यासाठी केंद्र सरकारने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. पिकावर कीड पडते, तेव्हा ती एकाच शेतात थांबत नाही. साहजिकच अनेक शेतकऱ्यांचे कॉल एकाच वेळी येतात. अशा सेवेची कसोटी दिवसभराच्या सरासरीवर लागत नाही, ती गर्दीच्या त्या एका तासात लागते. त्या तासात ज्याचा कॉल नाकारला जातो, त्याच्यापुरती ती सेवा अस्तित्वातच नसते.