थकवा, रक्त आणि अर्ध्या तासाची चाल
(शाखेच्या महिला मेळाव्यातील भाषण)



मागण्यांवर बोलायला इतर वक्ते आहेत. आम्ही आज आमच्याच एका चुकीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या शाखेतल्या पार्सल ऑफिसातील एका भगिनीला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झाले, केमोथेरपी सुरू झाली. आम्ही भेटायला गेलो आणि एकच घोशा लावला, "ताई, पडून राहा. पाण्याचा पेलासुद्धा उचलू नका." त्यांनी ऐकले. दोन महिन्यांनी पाहतो तो न्हाणीघरापर्यंत जायलाही त्यांना भिंत धरावी लागत होती. हिमोग्लोबिन ९.५. आम्ही खजूर आणि बीट घेऊन हजर! शेवटी फिजिओथेरपीच्या बाईंनी आम्हालाच फैलावर घेतले.

त्यांनी समजावले ते असे. हा थकवा झोपेने जात नाही. केमोच्या औषधांनी अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते, तांबड्या पेशी घटतात, अंगाला प्राणवायू कमी पडतो. त्यात माणूस पडून राहिला की स्नायू आणि हृदय दोन्ही दुबळे होतात, मग तेवढ्याच चालण्याला दुप्पट दम लागतो. महिनोन्महिने उभे ठेवलेले इंजिन लाइनवर काढताना काय होते, ते शेडवाल्यांना सांगायला नको.

जर्मनीत फ्रायबर्गच्या डॉक्टरांनी १९९७ साली जबर केमो घेतलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ट्रेडमिलवर चालवले. सहा आठवड्यांनी त्या गटाची ताकद जास्त भरली, हिमोग्लोबिनही जास्त आढळले. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून थकव्यासाठी प्रमाण सांगितले: मध्यम गतीचा व्यायाम, आठवड्यातून ३ दिवस, ३० मिनिटे, निदान १२ आठवडे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये.

रक्ताच्या बाबतीत आम्ही वाढवून सांगणार नाही. थकवा कमी होतो याचा पुरावा भक्कम आहे, रक्त वाढते याचा तेवढा नाही. व्यायाम हा औषधाला किंवा रक्त चढवण्याला पर्याय नव्हे. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा अंगात ताप असेल तर जोराचा व्यायाम करू नये. आजार हाडात गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तेव्हा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कोणी सुरुवात करू नका.

आपल्या भगिनींनी क्वार्टरच्या ओट्यापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत, पाच मिनिटांनी सुरुवात केली. बरोबर रोज कोणीतरी असे, कधी शेजारीण, कधी आम्ही. आता त्या अर्धा तास चालतात. थकवा पुरता गेलेला नाही, पण भिंत सुटली.

त्या पुढच्या महिन्यात हजर होतील. पार्सलची ओझी त्यांना झेपणार नाहीत, आणि घरी बसवून ठेवणे बरे नाही हे आता आम्हालाही कळले. हलक्या ड्युटीचा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून आहे. सोमवारी अकरा वाजता आम्ही तिकडे जाणार आहोत. बरोबर कोण कोण येणार, ते चहाच्या वेळी सांगा.